पाठीवरची कबुली

माणसाच्या अंगावरील सर्वांत क्षुल्लक वस्तू कोणती, असे कोणी विचारले असते तर दोन वर्षांपूर्वी आम्ही ‘सदऱ्याचे बटण’ असे उत्तर निःशंकपणे दिले असते. ते तुटले तर घरात पाच मिनिटे शोधाशोध होते, न सापडले तर जुन्या डब्यातले दुसरे लागते आणि विषय संपतो. परंतु अशाच काही बटणांनी आमच्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा केला आणि त्या प्रश्नाने आमच्या नोकरीतील एक जुनी चूक पुन्हा आमच्या समोर आणून ठेवली. त्या दोहोंचा विचार वाचकांसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा एक भाचा बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात असतो. सोमवार ते शुक्रवार तो संगणक अभियंता असतो. काही शनिवार-रविवारी मात्र तो १८६२ सालचा पायदळ शिपाई होतो. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशात उत्तर आणि दक्षिण यांच्यात जे यादवी युद्ध झाले, त्यातील प्रसंगांचे पुनःप्रयोग करणारी हौशी मंडळी तेथे फार आहेत. त्याला ते ‘रीएनॅक्टमेंट’ म्हणतात. १९६१ साली युद्धाच्या शताब्दीनिमित्त मनॅसस येथील पहिल्या लढाईचा मोठा प्रयोग झाला आणि तेव्हापासून ही हौस वाढत गेली. १९९३ सालच्या ‘गेटिसबर्ग’ या चित्रपटात सैन्य म्हणून जे हजारो लोक दिसतात, ते असेच हौशी लोक होते. गणवेश आणि बंदुका त्यांनी स्वतःच्याच आणल्या होत्या.

या मंडळींत खरेपणाचे मोठे सोवळे असते. कोटाचे लोकरी कापड कसे विणलेले आहे, काजी हातशिलाईची आहेत की यंत्राची, बुटाचा तळ खिळ्यांचा की टाक्यांचा, यावर तासन्‌तास वाद होतात. ज्याचा पोशाख कालविसंगत असेल त्याला ते ‘फार्ब’ या तुच्छतादर्शक शब्दाने संबोधतात. टोनी हॉरविट्झ या पत्रकाराने १९९८ साली या लोकांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पितळी बटणे रात्रभर मूत्रात भिजवून त्यांना जुनेपण आणणारे वीर भेटतात. आपल्याकडे सोवळ्याच्या नावाखाली काय काय झाले हे ठाऊक असल्यामुळे आम्हांस त्याचे हसू आले, परंतु नवल वाटले नाही.

भाचा सुटीवर ग्वाल्हेरला आला तेव्हा त्याने एका काडेपेटीतून एक खरे जुने बटण आणले होते. आकाराने जुन्या चार आण्याएवढे, पितळेचे. त्यावर पंख पसरलेला गरुड, गरुडाच्या छातीवर ढाल. साध्या शिपायाच्या बटणावरील ढालीत अक्षर नसते. अधिकाऱ्याच्या बटणावर पायदळासाठी ‘आय’, घोडदळासाठी ‘सी’, तोफखान्यासाठी ‘ए’ असे अक्षर असते, असे त्याने आम्हांस समजावले. बटण उलटे केले तर मागे तारेची कडी आणि तिच्याभोवती बारीक अक्षरांत कारखान्याचे नाव व गाव: स्कोव्हिल, वॉटरबरी. कनेक्टिकट राज्यातील हे वॉटरबरी पितळेच्या धंद्यासाठी इतके प्रसिद्ध होते की त्याला ‘पितळनगरी’ म्हणत. यादवी युद्धातील लक्षावधी शिपायांच्या छातीवर तेथील बटणे होती.

भाच्याला त्याच्या लांब कोटासाठी अशी नऊ मोठी बटणे हवी होती आणि बाह्यांसाठी काही लहान. “मामा, तिकडे चांगली प्रतिकृती फार महाग पडते. स्वस्त असतात ती ओतीव आणि ओबडधोबड. आपल्या लष्करात बिल्ले-पदके करणारे कारागीर आहेत ना? त्यांच्याकडून ठशाची करून घ्या. आणि मागचे नावही जसेच्या तसे हवे. पुढचा गरुड सगळेच करतात. खरे-खोटे कळते ते मागून.”

आमच्या शहराचा लष्कर हा भाग म्हणजे १८१०च्या सुमारास पडलेली दौलतराव शिंद्यांची छावणी. सैन्याच्या छावणीचे गाव झाले आणि नाव तेच राहिले. तेथील एका गल्लीत शाळा-संस्थांचे बिल्ले, पदके व नामफलक करणारे एक वृद्ध कारागीर आमच्या परिचयाचे आहेत. आम्ही बटण घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी भिंग लावून बटण बराच वेळ पाहिले. हे ओतकाम नव्हे, असे ते प्रथम म्हणाले. पातळ पत्रा दोन ठशांमध्ये दाबून गरुड उठवलेला आहे; मागची चकती वेगळी आहे; पुढच्या पत्र्याची कड तिच्यावर वळवून दोन्ही जोडलेली आहेत; आत पोकळी आहे. खऱ्या बटणाचा साचा घेऊन त्यात पितळ ओतले तर धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि पिसांच्या रेघा बुजतात. तेव्हा ठसा नव्याने कोरावा लागेल. काम कष्टाचे, पण करण्याजोगे. मग त्यांनी बटण उलटे केले आणि विचारले की, मागे ज्याचे नाव आहे तो कोण? आम्ही सांगितले. त्यावर ते आपल्या हिंदीत सहजपणे म्हणाले की, काम मी करणार, तर त्याचे नाव मी का घालू? आणि तुम्ही म्हणालात म्हणून घातले, तर उद्या हे कोणाच्या हाती गेल्यावर त्याला कोण सांगणार की हे लष्करात झाले?

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तत्क्षणी नव्हते. बटण परत काडेपेटीत ठेवून आम्ही घरी आलो.

प्रश्न नीट मांडावयाचा तर असा: प्रतिकृती जितकी हुबेहूब तितकी ती प्रामाणिक, असे म्हणावे काय? की हुबेहूबपणाची एक मर्यादा अशी आहे, जिच्या पलीकडे गेलेली प्रतिकृती बनावट होते?

प्रथम भाच्याची बाजू पाहू. कारण ती पोरकट नाही. बटण ही शिपायाच्या अंगावरची नुसती सोय नव्हती, ती त्याची ओळख होती. इंग्रजांच्या सैन्यात १७६७ साली पलटणींचे क्रमांक बटणांवर घालण्याचा हुकूम झाला आणि पुढे शंभर वर्षे साध्या शिपायाच्या बटणावर त्याच्या पलटणीचा आकडा राहिला. १८७१ साली तो जाऊन सर्वांसाठी राजचिन्हाचे सामाईक बटण आले. नेपोलियनच्या फ्रेंच फौजेतही बटणांवर पलटणीचे आकडे असत. २००१ साली लिथुएनियाची राजधानी व्हिल्नियस येथे बांधकामासाठी खोदताना मानवी सांगाडे निघू लागले. हजारो होते. ते कोणाचे, याविषयी प्रथम नाना तर्क झाले. मग त्यांच्यात सापडलेल्या बटणांवरील आकडे वाचण्यात आले आणि उलगडा झाला की १८१२च्या हिवाळ्यात मॉस्कोहून माघार घेताना थंडी, भूक व रोगराई यांनी मेलेले हे नेपोलियनचे सैनिक. त्यांची नावे कोणालाच सांगता आली नसती; बटणांनी निदान त्यांच्या पलटणी सांगितल्या. पुढे त्या अवशेषांना अंताकल्निस येथील स्मशानभूमीत रीतसर मूठमाती मिळाली.

ज्या वस्तूने मेलेल्याची एवढी साक्ष द्यावी, ती वस्तू अंगावर घालताना कोणी काटेकोर राहू इच्छीत असेल तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. तो म्हणतो, “हा शिपाई होऊन मी लोकांसमोर उभा राहणार, त्याच्याविषयी लहानशीही खोटी गोष्ट मी सांगू नये. बटणाची मागची बाजू कोणी पाहत नाही हे खरे, पण मला ती ठाऊक असते.” देवघरातील मूर्तीची पाठ कोणास दिसत नाही, म्हणून ती कोणी तशीच अनघड ठेवीत नाही. न दिसणाऱ्या बाजूवर घेतलेली मेहनत हीच पुष्कळदा खऱ्या निष्ठेची खूण असते.

हे सर्व मान्य करूनही एक शंका उरते. जी बटणे रात्रभर भिजवून कळकवली जातात, ती नेमकी कशाची नक्कल करतात? १८६२ सालच्या शिपायाच्या अंगावरचे बटण तेव्हा काही महिन्यांचेच होते. त्यावर मोहिमेची धूळ व घाम असेल. परंतु आज संग्रहालयात दिसतो तो हिरवट-काळा थर दीडशे वर्षांच्या काळाने चढवलेला आहे. मोहिमेचा मळ दाखवणे वेगळे आणि काळाने केलेले काम आपण केल्याचे भासवणे वेगळे. जो दुसरी गोष्ट करतो तो शिपायाची नक्कल करीत नाही. शिपाई गेल्यानंतर त्याच्या वस्तूचे जे झाले त्याची करतो. म्हणजे अतिशय काटेकोर माणूसही आपल्या नकळत इतिहासाऐवजी इतिहासाच्या बाजारमूल्याच्या मागे लागू शकतो.

मग बटण खरे कशाने ठरते? धातूने म्हणावे तर पितळ तेच आहे. तांबे व जस्त यांना साल नसते. धातूच्या खरेपणाची एक कहाणी आम्हां ग्वाल्हेरकरांच्या घरचीच आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पन्नियार येथे कंपनीच्या फौजांनी शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर विजेत्यांना जी तारकाकृती पदके दिली गेली, ती जिंकून घेतलेल्या आमच्याच तोफांच्या धातूची होती. धातू अस्सल ग्वाल्हेरचा. पण ते पदक ग्वाल्हेरची आठवण नव्हे, ग्वाल्हेरच्या पराभवाची दुसऱ्याने केलेली आठवण आहे. तेव्हा द्रव्य खरे असले की वस्तूचा अर्थ खरा राहतो, असे नाही.

ठशाने ठरते म्हणावे, तर जुने ठसे जपून ठेवलेले असतात आणि त्यांवरून अलीकडे पाडलेली बटणेही असतात. ठसा तोच, गरुड तोच, पितळ तेच; फक्त साल वेगळे. त्याला खरे म्हणावे की नक्कल? अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ सालच्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात या कोड्याला हात घातला आहे. बनावट वस्तू म्हणजे वाईट वस्तू नव्हे, किंवा वेगळी दिसणारी वस्तूही नव्हे. तर जो जन्मवृत्तान्त आपला नाही तो आपला असल्याचे जी खोटेपणाने भासवते ती, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हे आम्हांस पटते. दिसण्यात खोटे काहीच नाही. खोटे असते ते जन्मवृत्तान्तात. आणि बटणाचा जन्मवृत्तान्त त्याच्या पाठीवर लिहिलेला असतो. पुढचा गरुड हे त्या राष्ट्राचे चिन्ह आहे, ते कोणीही कोरावे. मागचे नाव मात्र ‘मला अमुक ठिकाणी अमुक माणसांनी केले’ असे विधान आहे. गरुडाची नक्कल करणे हे चित्र काढण्यासारखे आहे. पाठीवरचे नाव उतरवणे हे दुसऱ्याची सही करण्यासारखे आहे.

येथे आम्हांस आमच्या सरकारी नोकरीचा आधार घ्यावा लागतो. राज्य शासनाच्या सेवेतील पुष्कळ वर्षे आमची अभिलेखागारात व नक्कल शाखेत गेली. सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यात ‘नक्कल’ हा शब्द हलका आहे. आमच्या कचेरीत मात्र तो फार प्रतिष्ठेचा होता. रीतसर नकलेवर ती नक्कल असल्याचे लिहिलेले असते. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कोणी उतरवली, कोणी मुळाशी ताडून पाहिली, हे सारे तिच्यावर असते. १८७२च्या पुरावा अधिनियमाच्या ७६व्या कलमाने अशा प्रमाणित नकलेस मान दिला होता. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही तो मान कायम आहे. जुन्या मोडी दप्तरांत ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा आढळतो. त्या दोन शब्दांत सर्व शहाणपण आहे: मी मुळाबरहुकूम आहे, आणि मी मूळ नाही. ही दोन्ही विधाने जी वस्तू एकाच वेळी करते, तिच्यावर न्यायालय विश्वास ठेवते. पहिलेच विधान करून जी दुसरे गाळते, तिच्यासाठी दंडसंहितेत वेगळे प्रकरण आहे.

हे ज्ञान असूनही आमच्या हातून जे झाले ते आता सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमची बदली ज्या जिल्ह्यात होती, तेथे एक जुने मराठी घराणे होते. त्यांच्या पूर्वजास देवस्थानाच्या पूजेअर्चेसाठी मिळालेल्या जमिनीची मोडी सनद घरात होती. वाळवी लागून तिचा निम्मा भाग गेला होता. घरातील वडील गृहस्थ आमच्या स्नेहातले. सनद पूर्ण नष्ट होण्यापूर्वी तिची एक सुंदर प्रत करून दिवाणखान्यात लावावी, अशी त्यांची इच्छा होती. आम्हीच एक वृद्ध मोडीकार शोधून दिले, जुन्यासारखा दिसणारा जाड कागद मिळवून दिला, आणि दप्तरातील नोंदीवरून गेलेला मजकूर भरून देण्यास साह्य केले. प्रत अप्रतिम उतरली. मोडीकारांनी प्रघाताप्रमाणे डोक्यावर ‘नक्कल’ हा शब्द लिहावा काय, असे विचारले. घरमालक म्हणाले, “भिंतीवर लावायची आहे, तेवढा शब्द शोभा घालवील. आम्हांला सर्वांना ठाऊकच आहे.” आम्ही मान डोलावली. काम खाजगी होते, कोणाला फसवायचे नव्हते, आणि प्रत खरोखरच सुंदर होती.

ते गृहस्थ हयात होते तोवर येणाऱ्या प्रत्येकाला ते प्रेमाने सांगत की ही प्रत आहे, मूळ आत पेटीत आहे. काही वर्षांनी ते निवर्तले. पेटीतील मूळ सनद वाळवीने पुरती खाल्ली. मुले नोकरीधंद्याने दूरदूर विखुरलेली. पुढे त्या जमिनीवर वाद उपस्थित झाला, तेव्हा धाकट्या चिरंजीवांनी भिंतीवरची तसबीर काढून आपल्या वकिलांच्या हाती दिली. ती मूळ सनद आहे, असेच ते लहानपणापासून समजत आले होते. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी कागद उजेडाकडे धरला. त्यात एका गिरणीची जलखूण होती, आणि ती गिरणी सनदेवरील तारखेच्या नंतर कित्येक दशकांनी निघालेली होती. तेथून पुढे त्या घराण्याच्या तोंडचा एकही शब्द कोणी खरा धरला नाही. वास्तविक हक्क खरा होता. दप्तरात जुनी नोंद होती. परंतु बनावट सनद दाखल करणाऱ्यांनी नोंदही बनावट केली असेल, हा संशय एकदा उभा राहिला की तो पुसणे कठीण. शेवटी तडजोड होऊन निम्म्या जमिनीवर त्यांना समाधान मानावे लागले.

त्या सुमारास चिरंजीवांचे आम्हांस पत्र आले होते. प्रत कोणत्या परिस्थितीत झाली हे न्यायालयात येऊन सांगावे, अशी त्यांची विनंती होती. तेव्हा आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात होतो, पदोन्नती जवळ आली होती, आणि सरकारी अधिकाऱ्याने खाजगी सनद ‘घडवून’ दिली हे कसे दिसेल याचे भय वाटले. आम्ही गेलो नाही. ‘प्रकृती ठीक नाही’ असे कळवले. ते वाक्य हुबेहूब खऱ्यासारखे होते.

लष्करातील कारागिराने जो प्रश्न केला तो तीस वर्षांपूर्वी त्या मोडीकारांनीच आम्हांस केला होता, हे काडेपेटी घेऊन घरी येताना आमच्या ध्यानात आले.

या प्रकरणावरून आम्हांस एक गोष्ट कळली. प्रत करताना आमच्यापैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि प्रत कोणी खोटी म्हणून केलीच नव्हती. ती खोटी झाली नंतर, सांगणारा माणूस गेल्यावर. वस्तू माणसापेक्षा अधिक जगतात. तिच्याविषयीचे सत्य आपण आपल्या तोंडी ठेवले तर ते आपल्याबरोबर जाते, आणि मागे उरलेली वस्तू स्वतःच्या तोंडाने जे बोलते तेच लोक खरे मानतात. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याचा हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही. कबुली वस्तूच्या अंगावर असली पाहिजे.

बटणाच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नाही. पुनःप्रयोगाच्या धावपळीत बटणे तुटतात आणि गवतात पडतात. १९८३ साली अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवरील गवत आगीत जळाले आणि त्यानंतर १९८४ व १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन ती जमीन पिंजून काढली. कोणते काडतूस, कोणती गोळी, कोणते बटण नेमके कोठे पडले होते याची नोंद करून त्यांनी १८७६च्या त्या लढाईचा क्रम नव्याने समजून घेतला. जेथे जमीनच साक्षीदार असते तेथे हुबेहूब नाव कोरलेले नवे बटण पडून राहणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी खोटे शब्द घालणे होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या धोरणानुसार तिच्या अखत्यारीतील भूमीवर समोरासमोरच्या लढाईचे प्रयोग करू देत नाहीत. कितीही अभ्यासाने केलेला प्रयोग प्रत्यक्ष युद्धाची शोकात्मता उभी करू शकत नाही, असे कारण ती देते. त्यात आम्ही आमच्यापुरते आणखी एक कारण जोडतो: खऱ्याच्या जागी खऱ्यासारखे मिसळू नये.

नाण्यांच्या बाबतीत त्या देशाने हा विचार कायद्याने केलेला आहे. १९७३च्या तेथील एका कायद्यान्वये जुन्या नाण्यांच्या प्रतिकृतींवर ‘कॉपी’ हा शब्द ठळकपणे असणे आवश्यक आहे, आणि निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांसारख्या राजकीय वस्तूंच्या प्रतिकृतींवर त्या तयार झाल्याचे साल. लष्करी गणवेशाच्या बटणाचा मात्र त्या कायद्यात समावेश नाही. तेथे करणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा.

आम्ही भाच्याला सविस्तर लिहिले. त्याचे आक्षेपही आले, आणि ते विचार करण्याजोगे होते. पहिला असा की, लबाड माणूस पाठीवरची खूण कानशीने घासून काढील. मग उपयोग काय? उपयोग हा की ते पाप तो स्वतः करील. आपण त्याला तयार हत्यार दिलेले नसेल, आणि घासलेली पाठ पाहून जाणकाराला संशय घेण्यास जागा राहील. दुसरा असा की, प्रामाणिक लोक खुणा करू लागले तर बिनखुणेची वस्तू खरी, असा लोकांचा समज होईल आणि ठकांचे अधिकच फावेल. याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. दारास कडी लावणाऱ्यांमुळे उघडे दार अधिक ठळक दिसते, हे खरे आहे. त्यावरून कोणी कडी लावू नये असे मात्र म्हणवत नाही.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा होता. त्याने लिहिले, “मामा, छावणीत पहाटे थंडीत उठतो तेव्हा एखादा क्षण असा येतो की मी खरोखर तेथे असतो. पाठीवर दुसरे नाव असले तर तो क्षण येणार नाही.” आम्ही उत्तर लिहिण्यास आठ दिवस घेतले. शेवटी असे लिहिले: तो क्षण आम्ही हलका मानीत नाही. परंतु ज्याचा पोशाख तू घालतोस तो रविवारी संध्याकाळी घरी जाऊ शकत नव्हता. तू जाऊ शकतोस. हा भेद विसरण्यात त्याचा सन्मान नाही. श्राद्धाला आपण पितरांच्या नावाने ब्राह्मण बसवतो, त्यांच्या आवडीचे पदार्थ करतो. पण जेवणारा हा पितर नव्हे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते आणि त्यामुळे श्राद्ध खोटे होत नाही. तसे नसते तर ते श्राद्ध न राहता नाटक झाले असते.

बटणे झाली. ठसा कोरण्यास दीड महिना लागला. गरुडाची पिसे मोजून घ्यावीत अशी उतरली. मागच्या बाजूस कारागिरांनी स्कोव्हिलच्या अक्षरांइतकीच बारीक देवनागरी अक्षरे घातली: ‘नक्कल, लष्कर ग्वाल्हेर’, आणि खाली साल. स्वतःचे नाव घालण्यास त्यांनी नकार दिला; गल्लीचे नाव पुरे, म्हणाले. भाच्याच्या पथकात पोशाख तपासणारे जे गृहस्थ असतात, त्यांनी पुढून बटणे पसंत केली. उलटी करून पाहिल्यावर ही कोणती लिपी असे विचारले आणि अर्थ समजल्यावर हसले. पथकातील काही जणांना ते रुचले नाही, असेही भाचा कळवतो. तो स्वतः ती बटणे वापरतो. पहाटेचा तो क्षण अजून येतो की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

त्या सुमारास आम्ही दुसरेही एक पत्र लिहिले, त्या घराण्यातील धाकट्या चिरंजीवांना. प्रत कशी झाली, ‘नक्कल’ हा शब्द कोणाच्या संमतीने गाळला गेला, आणि आम्ही का आलो नाही, हे त्यात स्वच्छ लिहून खाली सही केली. जमीन त्याने परत येणार नाही. त्यांचे उत्तर चार ओळींचे होते. तसबीर न्यायालयातून परत मिळाली असून ती आता भिंतीवर नाही, एवढे त्यांनी कळवले. आम्हांस क्षमा केली किंवा नाही, त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही तो मागितलाही नव्हता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशा वस्तू आहेत: पूर्वजांच्या नव्याने रंगवून घेतलेल्या तसबिरी, सनदांच्या प्रती, जुन्या पगडीवरून बांधून घेतलेली नवी पगडी, आजोबांच्या तलवारीच्या जागी लटकवलेली विकतची तलवार. त्यांत लाजण्यासारखे काही नाही. आठवण ठेवण्याचा तो एक मार्गच आहे. विनंती एवढीच की, ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी आपल्या हयातीत त्या तसबिरीच्या मागे, पगडीच्या आतल्या अस्तरावर, तलवारीच्या म्यानावर दोन शब्द आणि साल लिहून ठेवावे. दिवाळीच्या साफसफाईत वस्तू खाली उतरतातच; तेवढ्यात हे काम होते.

मूळ बटण भाच्याने आमच्याकडेच ठेवले आहे. ते काडेपेटीत आहे, आणि काडेपेटीवर आम्ही ‘अस्सल’ असे लिहून ठेवले आहे.